रतनवाडीहून पुढे

अलका, परवा सकाळी तुझ्या दादाने तुझी सॅक पाठीला लावून बघितली आणि मी त्याच्यावर इतकी ओरडले, की खालच्या मजल्यावरच्या सावंतबाई काय झालं म्हणून वर आल्या. त्यांना सांगायचं काय? सॅकला हात लावला म्हणून नवऱ्याच्या अंगावर गेले? मी म्हटलं, पाल दिसली. सावंतबाईंना पटलं. तू गेल्यापासून मी कशानेही दचकते हे साऱ्या बिल्डिंगला ठाऊक झालंय.

तू कशी गेलीस ते मी इथे लिहीत बसणार नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून सांगून तोंड दुखलं. काल्हेरच्या गोदामात दुपारच्या ट्रकचं लोडिंग बघत उभी होतीस, खुर्चीत बसलीस आणि संपलं. हार्ट. लोकांना मात्र एवढ्यावर समाधान नसतं. दमली होती का, आधी काही म्हणाली होती का, आणि मग हळूच, ‘इतके डोंगर चढणारी बाई, तिला कसं काय?’ हे शेवटचं असं विचारतात की जणू मीच तुला डोंगरावर नेऊन सोडून आले. खरं तर मला कोणी नेलं हे त्यांना काय माहीत.

मला राग येतो, अलका. त्यांचा येतो, तुझ्या दादाचा येतो, तुझाही येतो. एका जागी बसवत नाही. भाजी चिरायला घेते आणि अर्धी टाकून गॅलरीत जाते. गॅलरीतून आत येते, टीव्ही लावते, बंद करते, पुन्हा गॅलरीत. समोरच्या कारखान्यातले कापडाचे लूम चालूच असतात. तू म्हणायचीस, ‘वहिनी, तुझ्या पायाला भिंगरी आहे, म्हणून तुला चालायला नेते.’ भिंगरी अजून आहे. न्यायला कोणी नाही.

या हिवाळ्यात आपला रतनवाडी ते पाचनई हा चालण्याचा टप्पा ठरला होता. रतनवाडीहून कात्राबाईच्या खिंडीत चढायचं, पलीकडे उतरून कुमशेतला मुक्काम, दुसऱ्या दिवशी पाचनई. तुझं तेरावं झालं त्या दिवशी पाहुण्यांची ताटं वाढतानाही माझ्या डोक्यात हेच होतं, की खिंडीत उन्हाच्या आधी पोचायला हवं. मलाच माझी लाज वाटली. पण मन काय, ते कुठेही जातं.

आपलं हे सगळं गच्चीवर सुरू झालं. तोवर आपण दोघी एका घरात राहून एकमेकींना चुकवणाऱ्या बायका होतो. तुला मी शिष्ट वाटायचे, मला तू आगाऊ. माझं लग्न होऊन आठवडा झाला नाही तर तू मला सांगितलंस, ‘वहिनी, शाळेत बोलतेस तसं घरात नको बोलूस, आम्ही नापास होऊ.’ ते मी कित्येक वर्षं मनात धरलं होतं. मग टाळेबंदी आली. माझी शाळा बंद, तुझं गोदाम बंद, आणि आयुष्यात पहिल्यांदाच समोरचे लूमही बंद. भिवंडीत लूम थांबले की कान आपोआप वाजायला लागतात. त्या शांततेत घरात बसवेना म्हणून आपण दोघी गच्चीवर गोल गोल फिरायला लागलो. आधी वेगवेगळ्या, तू उजवीकडून, मी डावीकडून. मग रोज टाकीपाशी एकमेकींच्या आडव्या यायचा कंटाळा आला म्हणून एकाच दिशेने. एका संध्याकाळी तू थांबून म्हणालीस, ‘इतकं सरळ चाललो असतो ना, तर एव्हाना नाशिक आलं असतं.’

सगळं उघडल्यावर आपण सरळ चालायचं ठरवलं. कळसूबाईच्या पायथ्यापासून भीमाशंकरपर्यंत, घाटमाथ्याने, एका हिवाळ्यात एक तुकडा. अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांना खालूनच नमस्कार करायचा, कारण दोघींनाही दोराची भीती. असा हिशेब केला तर भीमाशंकरला पोचेपर्यंत मी सत्तरीला टेकले असते. तू म्हणालीस, ‘मग काय, तिथल्या तिथे बसवून टाकू तुला.’ तुझ्या जिभेला कधी हाड नव्हतंच.

नियम सगळे तुझे. जिथे थांबलो तिथूनच पुढे सुरू करायचं, मधला एक किलोमीटरही गाडीने गाळायचा नाही. मी म्हणायचे, अगं बघायला कोण येतंय? तू म्हणायचीस, ‘मी बघतेय ना.’ आणि नेमकी जागा सापडावी म्हणून थांबलो तिथे झाडाला पट्टी बांधायची, ती समोरच्या लूमवरून आणलेली, कापडाच्या किनारीची कापून टाकलेली. आपल्या भिवंडीत ती पोत्यांनी पडलेली असते, कोणी ढुंकून बघत नाही. घाटघरजवळ तू एका हिरड्याला अशी पट्टी बांधलीस आणि आपण घरी आलो. पुढच्या हिवाळ्यात त्या जागी गेलो तर झाड ओळखू येईना. त्यावर आणखी पंधरा-वीस पट्ट्या, रुमाल, एका शहाण्याने तर बुटाची नाडी बांधलेली. बुंध्याला कुंकू, फोडलेला नारळ. तू तोंडावर हात ठेवून उभी राहिलीस. आणि मी, विज्ञान शिकवणारी बाई, सवयीने हात जोडून मोकळी झाले होते.

तिथे गुरं घेऊन आलेल्या बाईने आपल्याला विचारलं, ‘तुमच्याकडं देव कमी पडलं का वं बाई?’

तू म्हणालीस, ‘आम्ही नाही फोडला नारळ. म्हणजे पहिली पट्टी माझी आहे, पण ती खुणेची आहे.’

‘आम्ही गावातलं कोणी न्हाय बांधत हितं. तुम्ही बांधलं, मग तुमचं बघून पुण्याचं आलं, त्यांचं बघून नाशिकचं. आता तुम्हीच काढा नवस.’

तू नवस काढला नाहीस. उलट त्या बाईशी तासभर गप्पा मारत बसलीस आणि मी घड्याळ बघत राहिले. तुम्ही दोघी इतक्या मोठ्याने बोलत होतात की मला वाटलं भांडण जुंपलं. तसं आपल्या सगळ्यांचंच आहे. लूमच्या खटखटीवरून बोलायची सवय, त्यात तुला गोदामात ड्रायव्हरला हाका मारायच्या. साम्रदला आपण मुक्कामाला होतो तिथल्या माणसाने सकाळी काळजीने विचारलंच होतं, ‘रात्री काही वाद झाला का तुमच्यात?’ आपण दोघी हळू आवाजात उद्याचं ठरवत होतो.

ठरवण्यात तुझा जीव जास्त. चालणं म्हणजे तुला जणू ठरवल्याची पोचपावती. दिवाळी झाली की रविवारी गच्चीवर तुझा नकाशा मांडला जायचा. तुळशीची रिकामी कुंडी उपडी घातली की रतनगड, बादली म्हणजे हरिश्चंद्रगड, कपड्याची दोरी म्हणजे कोकणकडा, तिच्या पलीकडे जायचं नाही. माझ्या शाळेतला खडू घेऊन तू फरशीवर वाट काढायचीस आणि पाणी कुठे, सावली कुठे, उतार किती, सगळं त्या खडूने लिहायचीस. सॅक भरायची ती ट्रक भरल्यासारखी. ‘जे आधी उतरवायचं ते शेवटी चढवायचं, वहिनी, किती वेळा सांगू?’ माझी टॉर्च दर वेळी तळाला जायची आणि दर वेळी तू सबंध सॅक ओतून पुन्हा भरायचीस. मी चिडायचे. आता कोणी ओतून दाखवावी माझी सॅक.

आणि या सगळ्या वेळी तुझा दादा टाकीतलं पाणी बघायला वर यायचा. एका दुपारी तीन-तीनदा. झाकण उघडायचा, आत बघायचा, झाकण लावायचा, दारात उभा राहायचा. तू विचारायचीस, ‘दादा, किती आलंय पाणी?’ तो म्हणायचा, ‘आहे.’ आणि खाली जायचा.

या वेळच्या रविवारी तो खाली गेला आणि तू खडू बाजूला ठेवून मला म्हणालीस, ‘वहिनी, दादाला घेऊया ना या वेळी.’

मी म्हटलं, ‘मग मी घरी राहते. तुम्ही भाऊ-बहीण जा.’

‘अशी काय करतेस? रिटायर झाला, घरात बसून कंटाळतो.’

‘कंटाळू दे. मी नाही कंटाळले इतकी वर्षं?’

तू हसली नाहीस. मी बोलत सुटले. म्हटलं, तो आला की दर दोन तासांनी चहा विचारणार. पाय दुखले की मला सांगणार, भूक लागली की मला सांगणार, आणि मी डोंगरावरही त्याची बायको होऊन चालणार. अष्टविनायक केले त्याच्या वेळापत्रकाने, कोल्हापूर केलं त्याच्या सुट्टीने, माझ्या माहेरीसुद्धा त्याला सोयीचं असेल तेव्हा गेले. हे एक आहे जे मी माझ्यासाठी करते. हे मी नाही कोणाला देणार. तू म्हणालीस, ‘मला दिलंस की.’ मी म्हटलं, ‘तू वेगळी.’ तू म्हणालीस, ‘मी त्याचीच बहीण आहे.’ तेवढ्यात खालून कोणीतरी मोटर बंद करायला ओरडलं. तू उठताना म्हणालीस, ‘बरं, शनिवारी बघू.’

तो शनिवार आला तेव्हा घरात पाहुणे होते आणि तू नव्हतीस.

मी हे भांडण एकटीच चालवतेय तेव्हापासून. भाजी चिरताना, गॅलरीत, भांडी घासताना. तुझी बाजू मीच मांडते, माझी मीच मांडते, आणि तुझी बाजू मांडताना मला तुझ्याएवढं नीट जमत नाही म्हणून पुन्हा चिडते. एकच गोष्ट मला कळत नाही. याच वेळी का म्हणालीस? इतके हिवाळे गेले, कधी नाही म्हणालीस ते. तुला छातीत काही जाणवलं होतं का? की नुसतंच, बिचारा टाकी बघायला येतो, म्हणून? विचारायचं कोणाला?

तेराव्यानंतर सलीमभाई आले. गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं शिलाईचं दुकान आहे ते. दारातच उभे राहिले, हातात तुझी सॅक. ‘भाभी, दीदीने पट्टा पक्का करने को दिया था. बोली थी, जल्दी नहीं है, दिसंबर में जाना है. अब...’ मी सॅक घेतली. पट्ट्याला त्यांनी तिहेरी शिवण घातली होती आणि पैसे घेईनात. मी ती सॅक तुझ्या पलंगावर ठेवली. तिचे पट्टे तू तुझ्या खांद्याच्या मापाने आवळलेले, तसेच.

जायचं की नाही हे मी तोवर ठरवलंच नव्हतं. एकटीने जायचं म्हटलं तर भीती आणि न जायचं म्हटलं तर कोंडल्यासारखं होई. शेलार गावची काकू भेटायला आली, तिच्यासमोर माझ्या तोंडून निघून गेलं की डिसेंबरात जायचं होतं. तिने माझा हात धरला. ‘वरीस तं भरू दे गो बाय. सुतक फिटलं म्हंजे दुख फिटलं का? डोंगर काय पलून जात न्हाय.’ चांगल्या मनाने बोलली. खरंही आहे, डोंगर पळून जात नाही. पण वर्षभर घरात या दोन खोल्यांमध्ये मी फेऱ्या मारत राहिले तर माझं काय होईल, हे काकूला कसं सांगू? तूही म्हणाली असतीस, जा. की म्हणाली नसतीस? आता तर मला तुझ्या तोंडी माझ्या सोयीचं काहीही घालता येतं, आणि तेच मला नको आहे.

मग फोन वाजला. तुझा.

तुला सांगायचं राहिलं, तुझा दादा तुझा फोन रोज चार्ज करतो. का, ते मी विचारलं नाही. बँकेचे, कंपनीचे मेसेज येतात ते वाचतो, पुन्हा ठेवतो. त्या दिवशी कुमशेतच्या जनाबाईंचा फोन आला, ज्यांच्याकडे मुक्काम ठरला होता. तुझ्या दादाने घेतला आणि स्पीकरवर टाकला, कारण त्याला उजव्या कानाने कमी ऐकू येतं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

‘ताई, कवा येताय? नाचणी दळून ठेवते. मागच्या टायमाला भाकरी कमी पडली म्हणला व्हता ना साम्रदला, ऐकलंय मी. हितं न्हाय कमी पडायची.’

तुझ्या दादाने फोन आणखी जवळ धरला.

‘ताई? आवाज येतोय का?’

‘मी त्यांचा भाऊ बोलतोय,’ तो म्हणाला. ‘येतोय. पुढच्या शुक्रवारी निघतोय आम्ही.’

फोन ठेवल्यावर मी बाहेर आले. ‘आम्ही म्हणजे कोण?’

‘मला नाही सांगता आलं,’ तो म्हणाला. ‘इतकी खुशीत बोलत होती ती बाई. तिथे गेल्यावर सांगू.’

‘मी विचारतेय, आम्ही म्हणजे कोण?’

तो फोन पुसत बसला. मग म्हणाला, ‘मी येतो ना. तिच्या जागी.’

अलका, कोणी काही बोललं की मी आजकाल पाठ फिरवून निघून जाते. तशी गेले. रात्रभर माझ्या डोक्यात ‘तिच्या जागी’ एवढंच. तुझी जागा काय रिकामी खुर्ची आहे, कोणीही येऊन बसायला? आणि सकाळी उठून बघते तर तो तुझ्या खोलीत आरशासमोर उभा, पाठीला तुझी सॅक, आणि दोन्ही हातांनी पट्टे ओढून सैल करतोय. कारण त्याला ती बसत नव्हती. तुझं माप. ते माप पुसलं जाताना मी बघितलं आणि ओरडले. काय ओरडले ते मला नीट आठवतही नाही. सॅक त्याच्या पाठीवरून ओढून काढली. म्हटलं, तिच्या वस्तूला हात लावायचा नाही. म्हटलं, कधी एक पाऊल चालला नाहीत तिच्याबरोबर आणि आता चाललाय. त्यानंतर सावंतबाई आल्या आणि मी पालीची थाप मारली.

त्या गेल्यावर तो पलंगावर बसला होता. तुझ्या दादाला तू चिडलेला कितीदा बघितलंयस? मीही फार नाही. आवाज चढवला नाही त्याने.

‘ती काय तुझी एकटीचीच गेली का?’

मी सॅकचे सैल झालेले पट्टे पुन्हा आवळत राहिले.

‘तुला लोक विचारतात, रडतात, हात धरतात. मला म्हणतात, वहिनीकडे लक्ष द्या, दोघी फार जवळ होत्या. मी तिला शाळेत सोडायचो. बाबा गेल्यावर तिची फी मी भरली. पडघ्याच्या जत्रेत हरवली होती तेव्हा मीच शोधली. तुझ्या आधी ती माझी होती, एवढं तरी.’

नंतर तो म्हणाला, ‘मला पण विचारलं होतं तिने. चल म्हणून. मीच म्हटलं, वहिनीला आवडणार नाही. तुमचं चांगलं चाललंय, मी कशाला मध्ये येऊ.’

म्हणजे त्याला माहीत होतं. सगळी वर्षं त्याला माहीत होतं की मला तो नको आहे, आणि तो टाकीचं झाकण उघडून, आत बघून, खाली जात राहिला. मला वाटायचं त्याला कळत नाही. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. समोरचे लूम चालू होते, त्यामुळे कोणाला काही बोलावं लागलं नाही. मी रडले, अलका. तुझ्या नावाने रडले, पण सगळं तुझ्यासाठी नव्हतं.

मला तुला अजूनही सांगायचंय की माझं चुकलं नव्हतं. मला ते दोन दिवस माझे हवे होते आणि ते मागण्यात काही वाईट नाही. तू माझं ऐकून घेतलंस, हट्ट केला नाहीस, यासाठी मी तुझी ऋणी आहे. बाईला स्वतःसाठी काही हवं असतं हे आपल्या घरात पहिल्यांदा तू मानलंस, आणि तू स्वतः कधी कोणाला विचारत बसली नाहीस. पण तुझं म्हणणंही चुकलं नव्हतं. हे भांडण मिटलेलं नाही. आपण दोघीही बरोबर होतो, आणि आता तुला हे मान्य करायला लावायची सोय नाही.

काल तुझ्या दादाने स्वतःची सॅक आणली. बाजारपेठेतून, निळी, शाळेच्या पोरांची असते तशी. मी म्हटलं, हिला कमरेचा पट्टा नाही, खांदे तुटतील. तो म्हणाला, तुटू देत. तुझी सॅक पलंगावरच आहे. ती आम्ही नेणार नाही.

संध्याकाळी गच्चीवर गेलो. कुंडी, बादली मी मांडली. खडू हातात घेतला तर लक्षात आलं की मला अंतरं आठवत नाहीत, सगळी तूच लिहायचीस. फोनवर बघून काढली. तुझ्या दादाने कचेरीतल्यासारखे एकेक प्रश्न विचारले. एसटी किती वाजता, घोटीला उतरायचं की पुढे, जीप नाही मिळाली तर काय, खिंडीत पाणी आहे का. मी म्हटलं, नाही, खालून भरून न्यायचं. त्याने विचारलं, ‘मला जमेल का?’ मी म्हटलं, ‘नाही जमलं तर बसायचं. डोंगर काय पळून जात नाही.’ काकूचं वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि दोघंही थोडं हसलो. चहाचं त्याने एकदाही विचारलं नाही. मीच सांगितलं की पडघ्याला गाडी थांबते तेव्हा प्यायचा, मग थेट रतनवाडीला.

सगळं ठरल्यावर तो म्हणाला, ‘आणि चालताना कसं असायचं तुमचं? बरोबरीने?’

‘वाट कुठे असते बरोबरीने चालण्याएवढी? एकामागे एक. अलका पुढे, मी मागे.’

तो म्हणाला, ‘मग मी आपला मागे राहीन. मला कुठे वाट माहीत आहे.’

इतकं सहज म्हणाला आणि खाली गेला. मी तिथेच उभी.

अलका, वाट मला तरी कुठे माहीत आहे? मी कधी पुढे चाललेच नाही. लोक विचारतात, घाटघर कसं आहे, रतनगडावरून काय दिसतं, आणि मी धडाधड सांगते, दरी, धुकं, कडे. थांबलो तेव्हा बघितलं ते सगळं. पण चालताना मी फक्त तुला बघितलंय. तुझ्या टाचा, तुझा पाठीवर घामाने भिजलेला शर्ट, डावा पाय जरा बाहेर टाकायची तुझी सवय. तू दगडावर पाय ठेवलास की मी त्याच दगडावर ठेवायचे. तू वळलीस की मी वळायचे. फाटा आला तर तू थांबून बघत असशील, विचार करत असशील, चुकतही असशील. मला कळायचंसुद्धा नाही. मी म्हणायचे, थांबलीस का? आणि तू म्हणायचीस, ‘काही नाही, चल.’

शुक्रवारी आम्ही निघतोय. शनिवारी उजाडता रतनवाडीतून चढायला लागू. तुझ्या दादाला माझी पाठ दिसेल, तो माझ्या दगडांवर पाय ठेवत येईल, आणि मी थांबले की विचारेल, थांबलीस का. आणि माझ्यासमोर कोणी नसेल, अलका. नुसती वाट असेल. ती कशी बघतात, एवढं तरी सांगून जायचं होतंस.